अपघाताची दुखापत : शरीरावरची आणि कागदावरची

काही महिन्यांपूर्वी एकाच आठवड्यात दोन रुग्ण तपासायला आले. दोघेही मोटारसायकलवरून जाताना वाहनाच्या धडकेने जखमी झालेले. दोघांचेही उजव्या मांडीचे हाड गुडघ्याच्या वर मोडले होते, दोघांनाही प्लेट आणि स्क्रू बसवलेले होते आणि दोघांचाही गुडघा आता काटकोनापर्यंतच, म्हणजे सुमारे ९० अंशच वाकत होता. एक्स-रे शेजारी शेजारी ठेवले असते, तर कोणता कोणाचा ते ओळखता आले नसते.

त्यातले पहिले गृहस्थ एका कार्यालयात लिपिक. खुर्चीवर बसायचे आणि टेबलावर काम करायचे. काठी सोडून ते कामावर रुजूही झाले होते. दुसरा रुग्ण गवंडी. उकिडवे बसून पाया भरणे, परांचीवर चढणे, डोक्यावर घमेले घेऊन शिडी चढणे हा त्याचा रोजचा व्यवसाय. उकिडवे बसण्यासाठी गुडघा जवळजवळ पूर्ण वाकावा लागतो. ९० अंशांच्या गुडघ्यावर गवंडीकाम होत नाही.

गवंड्याच्या हातात प्लास्टिकची एक पिशवी होती आणि पिशवीत होता फक्त एक एक्स-रे. “बाकीचे कागद कुठे आहेत?” असे विचारल्यावर तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, पाय बरा झाला म्हणून घरच्यांनी टाकून दिले. आता वकीलसाहेब म्हणतात, दुखापत सिद्ध करावी लागेल. पाय तर दिसतोच आहे की! आणखी काय सिद्ध करायचे?”

त्याचा प्रश्न साधा आणि रास्त होता. आपल्याकडे अपघातानंतर औषधोपचारावर घरातले किडूकमिडूक विकले जाते. पण नुकसानभरपाईच्या दाव्याची वेळ येते तेव्हा कागद नसतात, नोंदी नसतात आणि खऱ्या दुखापतीचीही किंमत होत नाही. म्हणून या आठवड्यात रोगाऐवजी त्याच्या पुराव्याविषयी लिहितो आहे.

‘गंभीर’ शब्दाचे दोन अर्थ

पहिला घोटाळा ‘गंभीर दुखापत’ या शब्दापासूनच सुरू होतो. फौजदारी कायद्यात या शब्दाची ठरलेली व्याख्या आहे. पूर्वी ती भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये आहे. हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे, एका डोळ्याची दृष्टी किंवा एका कानाचे ऐकणे कायमचे जाणे, अवयव किंवा सांधा गमावणे अथवा त्याची शक्ती कायमची कमी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, जिवाला धोका उत्पन्न होणे अशा आठ प्रकारच्या दुखापती यात येतात. आठव्या प्रकारात आणखी एक गोष्ट आहे. ज्या दुखापतीमुळे माणूस १५ दिवस तीव्र वेदनेत राहतो किंवा त्याला नेहमीचे व्यवहार करता येत नाहीत, तीही गंभीरच. जुन्या कायद्यात ही मुदत २० दिवसांची होती.

या व्याख्येनुसार करंगळीचे हाड मोडले तरी दुखापत गंभीर ठरते. उलट स्नायूला जबर मार लागून माणूस महिनाभर अंथरुणाला खिळला, पण त्याची नोंदच झाली नाही, तर दाखल्यावर ‘साधी दुखापत’ असे येऊ शकते.

या शब्दाला पैशाचेही मोल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार, चूक कोणाची हे सिद्ध न करताही गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये आणि मृत्यूसाठी पाच लाख रुपये भरपाई मागता येते. धडक देऊन पळून गेलेले वाहन सापडलेच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार गंभीर दुखापतीसाठी ५० हजार आणि मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. त्यासाठीचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो.

परंतु कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे पूर्ण नुकसानभरपाई मागायची असेल, तर गंभीर शब्दाचा दुसरा अर्थ महत्त्वाचा ठरतो. तेथे काय मोडले एवढेच पाहत नाहीत. उपचार संपल्यावर शरीरात कायमचे काय उणे राहिले आणि त्या उणिवेमुळे कमाई किती बुडाली, हे तेथे पाहिले जाते.

पहिल्या दिवसाचा कागद

अपघाताचा रुग्ण दवाखान्यात आला की आधी उपचार आणि मग पोलिसांचे सोपस्कार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यामुळे “पोलीस केस आहे” म्हणून कोणी रुग्णाला परत पाठवू नये आणि नातेवाईकांनीही त्या भीतीने रुग्णाला घरी नेऊ नये. मात्र उपचार सुरू झाल्यावर अपघाताची मेडिको-लीगल नोंद झाली आहे ना, याची खात्री नातेवाइकांनी अवश्य करून घ्यावी.

या नोंदीत तीन गोष्टी नेमक्या हव्यात : तारीख व वेळ, अपघात कसा झाला, आणि डोक्यापासून पायापर्यंतच्या सर्व जखमा. “रस्त्यावर पडून लागले” आणि “ट्रकने मागून धडक दिल्याने पडून लागले” यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घाबरलेले नातेवाईक “पोलिसांची कटकट नको” म्हणून पहिले वाक्य सांगतात. पुढे दावा लागला की विमा कंपनीचे वकील नेमका तोच केस पेपर काढून दाखवतात. डॉक्टरांना पहिल्या दिवशी खरे तेच सांगावे.

मोठ्या जखमेच्या गडबडीत लहान दुखणे सांगायचे राहून जाते. मांडी मोडलेल्या रुग्णाला मनगटाच्या दुखण्याची आठवण आठ दिवसांनी होते. मनगटातील एका लहानशा हाडाचा तडा पहिल्या एक्स-रेमध्ये कित्येकदा दिसत नाही. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा काढलेल्या एक्स-रेमध्ये तो दिसतो. म्हणून दुखणे राहिले असेल, तर पुन्हा दाखवावे आणि केस पेपरवर नोंद करून घ्यावी. नव्या तपासणीत हाड मोडल्याचे निघाल्यास आधीच्या ‘साधी’ या अभिप्रायात बदल होऊ शकतो.

येथे हाडवैद्यांविषयीही बोलले पाहिजे. खेडोपाडी आजही मोडलेला पाय घेऊन लोक हाडवैद्याकडे जातात. हाड वाकडे जुळण्याचा आणि घट्ट बांधल्याने रक्तपुरवठा थांबण्याचा धोका तर असतोच, शिवाय तेथे एक्स-रे नाही, केस पेपर नाही, बिल नाही. सहा महिन्यांनी त्या पायाविषयी न्यायालयात सांगण्यासारखे काहीच उरत नाही.

उणीव कशी मोजतात ?

“मला वाकता येत नाही” हे रुग्णाचे म्हणणे असते. तपासणी करणारा डॉक्टर ते मोजून पाहतो. सांधा किती अंश वाकतो आणि किती सरळ होतो, ते कोन मोजण्याच्या पट्टीने मोजले जाते. मांडीचा घेर दोन्ही बाजूंना गुडघ्यापासून सारख्याच उंचीवर टेपने मोजतात. न वापरलेला स्नायू रोडावतो, त्यामुळे घेरातील फरक खोटे बोलत नाही. कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत मोजले की पाय किती आखूड झाला ते कळते. एखाद्या सेंटिमीटरचा फरक अनेकांना जाणवतही नाही. पण तीन-चार सेंटिमीटर आखूड पायाने चालताना लंगड दिसते आणि कंबरही दुखू लागते.

काही दुखापती एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. मज्जातंतूला इजा झाली असेल, तर त्यातून विद्युतसंदेश किती वेगाने जातो याची तपासणी करतात. कानासाठी श्रवणचाचणी असते, आणि रुग्णाच्या उत्तरावर अवलंबून नसलेली मेंदूच्या प्रतिसादाची चाचणीही असते. डोळ्याची नुसती नजर तपासून भागत नाही, बाजूचे किती दिसते तेही पाहावे लागते.

सर्वांत फसवी दुखापत डोक्याची. सी.टी. स्कॅन ठीक असतो, जखम भरलेली असते, माणूस बोलतो-चालतो, पण घरचे सांगतात, “पूर्वीचा माणूस राहिला नाही.” विसरभोळेपणा, चिडचिड, हिशेब न जमणे, झोप उडणे हे मेंदूच्या इजेचे परिणाम असू शकतात. अशा वेळी मेंदूविकार तज्ज्ञांकडून तपासणी आणि स्मरणशक्ती-बुद्धीच्या चाचण्या करून घ्याव्यात. घरच्यांनी साध्या वहीत तारीखवार टिपणे ठेवावीत. डॉक्टरांना निदानासाठी त्यांचा उपयोग होतो आणि न्यायालयात साक्ष देताना स्वतःलाही आठवण राहते.

ही सर्व मोजणी उपचार संपून प्रकृती स्थिर झाल्यावर व्हायला हवी. हाड जुळलेले नाही, व्यायाम सुरू आहेत, दुसरी शस्त्रक्रिया बाकी आहे, अशा स्थितीत काढलेली टक्केवारी कायमची म्हणता येत नाही. दुसरीकडे, दाव्याची मुदत थांबत नाही. कायद्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२२ पासून दावा दाखल करण्यास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये. दावा मुदतीत दाखल करावा. अपंगत्वाचा दाखला नंतर सादर करता येतो.

टक्केवारीचे कोडे

अपंगत्वाची टक्केवारी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार काढतात. त्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि २०२४ मध्ये सुधारल्या गेल्या. दाखला वाचताना दोन गोष्टींकडे नीट पाहावे. पहिली, दाखला कायमस्वरूपी आहे की तात्पुरता. दुसरी, टक्केवारी एका अवयवाची आहे की संपूर्ण शरीराची. “उजव्या पायाचे ४५ टक्के” म्हणजे माणूस ४५ टक्के निकामी झाला असे नव्हे.

ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हा गुंता पुष्कळ सोडवला. त्या प्रकरणातील जखमी व्यक्तीच्या दाखल्यावर डाव्या पायाचे ४५ टक्के अपंगत्व लिहिले होते. न्यायालयाने त्याच्या कमाईच्या क्षमतेची हानी २० टक्के धरली. त्याच निकालात न्यायालयाने दिलेले उदाहरण प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. डावा हात तुटलेल्या माणसाचे शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के धरले जाईल. तो ड्रायव्हर किंवा सुतार असेल, तर त्याच्या कमाईची हानी जवळजवळ १०० टक्के होते. तोच सरकारी नोकरीतला लिपिक असेल, तर त्याची नोकरी टिकू शकते आणि हानी त्या मानाने पुष्कळच कमी ठरते.

न्यायाधिकरणाने तीन पायऱ्यांनी विचार करावा, असे त्या निकालात सांगितले आहे. जखमी माणूस आता काय करू शकतो आणि काय करू शकत नाही? अपघातापूर्वी त्याचे वय काय होते आणि तो कोणते काम करीत होता? आणि आता तेच काम, दुसरे एखादे काम किंवा कोणतेच काम त्याला जमेल काय? शरीराची उणीव किती, हे डॉक्टर सांगतात. कमाईची हानी किती, हे न्यायाधिकरण ठरवते. ही दोन कामे वेगळी आहेत.

मार्च २०१८ च्या एका निकालात दोन्ही हात निकामी झालेल्या सुताराचा प्रश्न होता. दाखला ९० टक्क्यांचा होता, पण हातांशिवाय सुतारकाम कसे होणार? सर्वोच्च न्यायालयाने त्याची कमाईची क्षमता पूर्णपणे गेल्याचे मान्य केले.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. “४० टक्क्यांच्या खाली दाखला असेल तर काहीच मिळत नाही,” असे लोक सांगतात. ४० टक्क्यांची अट दिव्यांगांसाठीच्या आरक्षणासारख्या सवलतींना आहे. अपघाताच्या नुकसानभरपाईला अशी अट नाही. दहा टक्के हानी सिद्ध झाली, तर दहा टक्क्यांची भरपाई मिळते.

एका टक्क्याची किंमत

आपल्या गवंड्याचेच उदाहरण घेऊ. वय ३२, महिन्याची कमाई १५ हजार रुपये. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या ४० वर्षांखालील माणसाच्या कमाईत पुढे होणारी वाढ म्हणून ४० टक्के मिळवतात. ते मिळवून २ लाख ५२ हजार झाले. ३१ ते ३५ या वयोगटाला १६ ने गुणतात. गुणाकार ४० लाख ३२ हजार रुपये.

म्हणजे कमाईच्या हानीचा प्रत्येक टक्का ४० हजार ३२० रुपयांचा. हानी १० टक्के धरली तर ४ लाख ३ हजार २०० रुपये. ३० टक्के धरली तर १२ लाख ९ हजार ६०० रुपये. उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, वेदना आणि पुढील शस्त्रक्रियेचा खर्च यांची भरपाई याहून वेगळी. “गुडघा ९० अंश वाकतो” एवढ्यावर दाखला थांबला, की “गुडघा ९० अंश वाकतो, रुग्णास उकिडवे बसता येत नाही, शिडी चढता येत नाही, ओझे घेऊन चालता येत नाही” असे त्यात आले, यावर घरातल्या मुलांचे शिक्षण अवलंबून असू शकते.

म्हणूनच तपासणीच्या वेळी आपला व्यवसाय डॉक्टरांना तपशिलाने सांगावा. “शेती करतो” एवढे पुरेसे नाही. पाठीवर फवारणीचा पंप घेता येतो का, बांध ओलांडता येतो का, खाली बसून धार काढता येते का, ते सांगावे. गृहिणींनीही “मी घरीच असते” असे म्हणून गप्प राहू नये. घरातील कामालाही आर्थिक मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मधील निकालातही पुन्हा सांगितले आहे. पाणी भरणे, भाकरी थापणे, धुणे, लेकरू उचलणे यातले काय जमत नाही, ते बाईंनी स्वतः सांगावे.

अतिशयोक्ती नको

काही मंडळी तपासणीच्या खोलीत लंगडतात आणि फाटकाबाहेर गेल्यावर सरळ चालतात. डॉक्टरांना हे कळते. तपासणीच्या टेबलावर न वाकणारा गुडघा चपला घालताना वाकतो, बूटाचा तळ एका बाजूने झिजलेला नसतो, स्नायूचा घेर दोन्हीकडे सारखा निघतो. एक खोटे पकडले गेले की खऱ्या दुखण्यावरचाही विश्वास उडतो. अपघातापूर्वीचा गुडघेदुखीचा त्रास किंवा जुनी जखम असेल, तर तीही लपवू नये. जुने किती आणि नवे किती, हे डॉक्टरांना वेगळे करून सांगता येते.

मागेल त्याला दाखले देणाऱ्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या त्याच निकालात कानउघाडणी केली आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा किंवा वैद्यकीय मंडळाचा दाखला आणि गरज पडल्यास डॉक्टरांची साक्ष यांना वजन असते. आम्ही डॉक्टर मंडळी साक्षीला जायला टाळतो, हेही कबूल केले पाहिजे. रुग्ण सोडून दिवसभर न्यायालयाच्या आवारात थांबणे कठीण जाते. त्यासाठी डॉक्टरांना ठरावीक वेळ द्यावी, शक्य तेथे आयुक्त नेमून साक्ष नोंदवावी, असा मार्ग न्यायालयाने सुचवला आहे. आपल्या रुग्णाची शस्त्रक्रिया करणे जसे आपले काम, तसे त्याच्या दुखापतीविषयी खरे सांगणे हेही आपलेच काम, एवढे माझ्या व्यवसायबंधूंना नम्रपणे सांगतो.

एक पिशवी जपून ठेवा

अपघातानंतर घरात एक जाड पिशवी किंवा फाईल करावी. तिच्यात एफ.आय.आर. आणि पंचनाम्याच्या प्रती, जखमेचा दाखला, सर्व केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे व स्कॅन त्यांच्या अहवालांसह, औषधांची बिले, व्यायामोपचाराच्या नोंदी, रुग्णवाहिकेच्या व गाडीभाड्याच्या पावत्या ठेवाव्यात. कामावर किती दिवस गैरहजर होता, त्याचे मालकाचे किंवा कार्यालयाचे पत्र घ्यावे. वयाचा पुरावा आणि कमाईचा जो असेल तो पुरावा, अगदी मजुरीची डायरीसुद्धा, जपावी. पावत्यांची शाई पुसट होते, म्हणून लगेच झेरॉक्स काढाव्यात. मूळ कागद कोणाला देताना पोच घ्यावी.

वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तेथे मोफत वकील मिळतो.

त्या गवंड्याचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याला ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली होती तेथे पाठवले आणि नोंदींच्या प्रती मागायला सांगितले. चार खेटे घातल्यावर डिस्चार्ज कार्डाची प्रत आणि शस्त्रक्रियेची टिपणे मिळाली. मग त्याच्या गुडघ्याची पुन्हा मोजणी केली, मांडीचा घेर घेतला, त्याला उकिडवे बसायला लावून पाहिले आणि जे दिसले ते जसेच्या तसे लिहून दिले. त्याचा दावा अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते सांगणे माझे काम नाही. पण परवा तो आला तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीऐवजी कापडी पिशवी होती आणि आतले कागद तारीखवार लावलेले होते. त्याच्या आठवीतल्या मुलीने ते लावून दिले होते.